शांतारामबापूंचा सर्वोत्तम चित्रपट कोणता आणि सर्वांत फसलेला कोणता : अशी बैठक प्रथमच घेणाऱ्यांसाठी

एखाद्या नामवंत दिग्दर्शकाचा सर्वांत चांगला चित्रपट कोणता आणि सर्वांत वाईट कोणता, हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत किंवा लोकलच्या डब्यात पाच मिनिटांत निकाली निघतो. तोच प्रश्न घेऊन तीस माणसे एका खोलीत बसवली की तीन तासांतही तो सुटत नाही आणि दोन-चार माणसे रुसून घरी जातात. दादरमधील एका वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही गेली चार वर्षे अशी बैठक घेत आहोत. पहिल्या वर्षी विषय होता व्ही. शांताराम. त्या संध्याकाळी एका ज्येष्ठ सभासदांनी ‘संत तुकाराम’ हाच बापूंचा सर्वश्रेष्ठ चित्रपट कसा आहे, यावर वीस मिनिटे अतिशय रसाळ भाषण केले. टाळ्याही पडल्या. बैठक संपून सगळे जिन्याशी चपला शोधत असताना कोणाला तरी आठवले की तो चित्रपट विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला आहे. त्या सभासदांचा चेहरा मला अजून आठवतो. दोष त्यांचा नव्हता, यादी न देणाऱ्या आम्हा आयोजकांचा होता.

तुमच्या वाचनालयात, सोसायटीच्या सभागृहात किंवा महाविद्यालयात अशी बैठक घ्यायचा विचार असेल, तर आम्ही केलेल्या चुका तुम्ही पुन्हा करू नयेत म्हणून हे लिहीत आहे. उदाहरणे सगळी शांतारामबापूंची आहेत, कारण या एका दिग्दर्शकावर आम्ही दोनदा बैठक घेतली. पहिल्यांदा फसली आणि दुसऱ्यांदा जमली.

१. दिग्दर्शक आणि दिवस, दोन्ही विचारपूर्वक ठरवा

ज्याचे सगळेच चित्रपट लोकांना आवडतात किंवा ज्याने मोजकेच चित्रपट केले आहेत, असा दिग्दर्शक वादासाठी घेऊ नये. शांतारामबापू या कामासाठी अगदी योग्य आहेत. १९२७च्या ‘नेताजी पालकर’पासून १९८७च्या ‘झांझर’पर्यंत साठ वर्षांची ही कारकीर्द आहे. तीत मूकपट आहेत, बोलपट आहेत, कृष्णधवल आणि रंगीत आहेत, कोल्हापूर-पुण्याच्या ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेचे दिवस आहेत आणि १९४२नंतर परळच्या, त्यांच्या स्वतःच्या ‘राजकमल कलामंदिर’चेही आहेत. ‘कुंकू’ आवडणाऱ्याला ‘नवरंग’ सहन होत नाही आणि ‘नवरंग’ची गाणी पाठ असणाऱ्याला ‘कुंकू’ रडका वाटतो, म्हणजे वादाला बाहेरून सरपण घालावे लागत नाही.

दिवसाबद्दल एकच गोष्ट सांगतो. रविवार ठरवण्यापूर्वी मध्य आणि हार्बर मार्गावरचा मेगाब्लॉक पाहा. आमच्या पहिल्या बैठकीला डोंबिवलीहून येणारे चार जण तासभर उशिरा पोहोचले आणि आल्या आल्या, जे मुद्दे झाले होते तेच त्यांनी पुन्हा मांडले. दुपारी साडेचारला सुरुवात आणि साडेआठला शेवट, हे वेळापत्रक विरार-कल्याणच्या लोकांनाही सोयीचे पडते.

२. आधी यादी, मग मत

बैठकीच्या किमान एक महिना आधी दिग्दर्शकाच्या चित्रपटांची यादी सर्वांच्या हाती असली पाहिजे. प्रत्येक चित्रपटापुढे वर्ष, भाषा, निर्मितीसंस्था आणि दिग्दर्शकाचे नाव हे चार रकाने ठेवावेत. दिग्दर्शकाचा रकाना पाहून लोक हसतील, कारण यादी एकाच दिग्दर्शकाची आहे, तर तो रकाना कशाला, असे त्यांना वाटेल. तरीही तो ठेवा. संस्था आणि दिग्दर्शक यांच्यात जो घोळ होतो, तो तेथेच पकडला जातो.

‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) हे दोन्ही ‘प्रभात’चे, पण दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे. ‘रामशास्त्री’ (१९४४) आला तेव्हा बापू ‘प्रभात’ सोडून गेले होते. ‘राजकमल’च्या नावाखाली आलेला ‘जीवनयात्रा’ (१९४६) मास्टर विनायकांचा आहे, ‘रामजोशी’वर (१९४७) दिग्दर्शक म्हणून बाबूराव पेंटरांचे नाव आहे आणि ‘तूफान और दिया’ (१९५६) बापूंच्या चिरंजीवांनी, प्रभातकुमारांनी केलेला आहे. याच्या उलटही होते. ‘धर्मात्मा’ (१९३५) म्हटले की लोकांना फक्त बालगंधर्व आठवतात. तो बापूंचा चित्रपट आहे, हे सांगावे लागते.

यादी लांबलचक झाली तरी चालेल. वाद मात्र सात-आठ चित्रपटांपुरताच ठेवावा, अन्यथा प्रत्येक जण वेगळ्याच चित्रपटाबद्दल बोलतो आणि कोणीच कोणाला उत्तर देत नाही. आम्ही दुसऱ्या वेळी निवडलेले चित्रपट असे : ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९), ‘शेजारी’ (१९४१), ‘शकुंतला’ (१९४३), ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७), ‘नवरंग’ (१९५९), ‘स्त्री’ (१९६१) आणि ‘पिंजरा’ (१९७२).

३. कोणती आवृत्ती, हे कागदावर लिहून ठेवा

हा सापळा मराठी माणसाला हमखास अडकवतो. ‘प्रभात’मध्ये एकच चित्रपट मराठीत आणि हिंदीत स्वतंत्रपणे चित्रित होत असे आणि काही वेळा नटही बदलत. ‘अमृतमंथन’च्या (१९३४) हिंदी आवृत्तीत राजगुरू चंद्रमोहन आहेत, मराठीत केशवराव दाते. ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला आणि ‘माणूस’ हिंदीत ‘आदमी’.

पहिल्या बैठकीत पाटलाच्या भूमिकेवरून दोन सभासदांची चांगलीच जुंपली. एकाचे म्हणणे, तो अभिनय अगदी संयत आहे, डोळ्यांनी केलेला आहे. दुसऱ्याचे म्हणणे, तो नाटकी आहे, आवाज चढवून केलेला आहे. पाऊण तास हे चालले. शेवटी चहा वाटणाऱ्या मुलाने विचारले, “काका, तुम्ही दोघे एकाच माणसाबद्दल बोलताय ना?” तेव्हा उलगडा झाला की एकाने ‘शेजारी’ पाहिला होता, ज्यात पाटील केशवराव दाते आहेत, आणि दुसऱ्याने त्याची हिंदी आवृत्ती ‘पडोसी’ पाहिली होती, ज्यात ती भूमिका मजहर खान यांनी केली आहे. पाटलाचा मुसलमान शेजारी मिर्झा मात्र दोन्हीकडे गजानन जागीरदारच आहेत. हिंदीत मुसलमान नटाने हिंदू पाटील आणि हिंदू नटाने मुसलमान मिर्झा करावा, हा बापूंचा निर्णय चित्रपटाच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. त्यावर खरे तर एक चांगला मुद्दा उभा राहिला असता. आमचा पाऊण तास मात्र वेगवेगळ्या माणसांवरून भांडण्यात गेला.

म्हणून यादीतल्या प्रत्येक चित्रपटापुढे ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ असे ठळक अक्षरांत लिहा. इंटरनेटवर मिळणाऱ्या प्रतींची लांबीही तपासा, कारण गाणी किंवा प्रसंग कापलेल्या प्रती पुष्कळ फिरतात. कापलेली प्रत पाहून कथानक तुटक आहे असा आरोप दिग्दर्शकावर करणे अन्यायाचे आहे.

४. लागणारी कागदपत्रे आणि साधने

- सभागृहासाठी वाचनालयाच्या किंवा सोसायटीच्या कार्यवाहांच्या नावे लेखी अर्ज आणि त्याची पोच घेतलेली प्रत. तोंडी परवानगीवर विसंबू नका; एका वर्षी आम्ही दारात पोहोचलो तेव्हा आत वधूवर मेळावा चालू होता.
- वर सांगितलेली चार रकान्यांची यादी, माणशी एक प्रत.
- प्रसंगांच्या नोंदींसाठी छापील कोरा तक्ता : चित्रपट, प्रसंग कितव्या मिनिटाला, काय दिसते, काय ऐकू येते.
- प्रोजेक्टर, लॅपटॉप, एचडीएमआय केबल, लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड आणि पडद्यासाठी इस्त्री केलेली पांढरी चादर. स्पीकर स्वतंत्र न्यावा. प्रोजेक्टरच्या आतला स्पीकर जुन्या चित्रपटांतले संवाद गिळतो.
- दोन रंगांच्या चिठ्ठ्या आणि दोन डबे. आम्ही चिवड्याचे रिकामे डबे वापरतो.
- वेळ संपल्याचे सांगण्यासाठी स्टीलची वाटी आणि चमचा. मोबाइलचा गजर वाजला की प्रत्येक जण स्वतःचा खिसा चाचपतो, त्यामुळे तो नको.

वाचनासाठी बापूंचे आत्मचरित्र ‘शांतारामा’ एखाद्याने वाचून यावे. मात्र ते दिग्दर्शकाचे स्वतःचे म्हणणे आहे, हे लक्षात ठेवून त्याचा आधार घ्यावा. मुंबईतील ‘प्रभात चित्र मंडळ’ ही १९६८पासूनची फिल्म सोसायटी. तिच्या ‘वास्तव रूपवाणी’चे जुने अंक जुन्या वाचनालयात चाळायला मिळाले, तर सोडू नका. पेडर रोडवरचे राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय एकदा सर्वांनी मिळून पाहून यावे. मूकपटांचा काळ ज्यांना परीकथा वाटते, त्यांना तेथे तो जवळचा वाटू लागतो.

हक्कांबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट, तो प्रदर्शित झालेल्या वर्षाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. त्या हिशेबाने ‘कुंकू’पासून ‘स्त्री’पर्यंतचे आमच्या यादीतले चित्रपट मोकळे झालेले आहेत, ‘पिंजरा’ मात्र २०३२ अखेरपर्यंत संरक्षित आहे. गाण्यांच्या शब्दांचे आणि संगीताचे हक्क वेगळे असू शकतात. सर्वांत सोपे म्हणजे, पूर्ण चित्रपट सभासदांनी घरी अधिकृत मार्गाने पाहावेत आणि बैठकीत मुख्यतः बोलावे. काही दाखवायचेच असेल, तर जुन्या चित्रपटांतले मोजके प्रसंग निवडावेत, तिकीट लावू नये आणि शंका असल्यास हक्कधारकांना विचारावे.

५. ‘सर्वोत्तम’ आणि ‘फसलेला’ यांचा अर्थ आधी ठरवा

ही पायरी वगळली तर पुढचे सगळे वाया जाते, म्हणून येथे थोडा अधिक वेळ घेतो.

‘सर्वोत्तम’ म्हणजे सर्वांत महत्त्वाचा, सर्वांत गाजलेला की आज पाहतानाही सर्वांत जिवंत वाटणारा? तिन्हींची उत्तरे वेगवेगळी येतात. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा पहिला मराठी बोलपट म्हणून महत्त्वाचा आहेच, पण त्या कारणाने तो सर्वोत्तम ठरत नाही. ‘दो आँखें बारह हाथ’ला १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, तो सन्मान त्या वर्षीच्या परीक्षकांचा निर्णय होता, तुमच्या बैठकीचा नव्हे. आम्ही ठरवलेली व्याख्या अशी : ज्या चित्रपटात दिग्दर्शकाने घेतलेले निर्णय एकमेकांना धरून आहेत आणि त्यांतला एखादा काढला तर चित्रपट ढासळतो, तो सर्वोत्तम.

‘वाईट’ हा शब्द आम्ही वापरत नाही; ‘फसलेला’ म्हणतो. फसलेला ठरवताना तीन प्रश्न विचारावेत. साधने हाताशी होती का? चूक दिग्दर्शकाच्या निर्णयातली होती का? चित्रपटाने स्वतःच जे करायचे ठरवले होते, ते साधले नाही का? ‘सैरंध्री’चे (१९३३) उदाहरण घ्या. तो रंगीत करण्याचा घाट घातला, प्रक्रियेसाठी काम जर्मनीला गेले आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. हे अपयश खरे, पण ते तंत्राचे होते. १९३३ साली ते धाडस करणाऱ्याला फसलेल्या चित्रपटाबद्दल जाब विचारणे म्हणजे पहिल्यांदा पोहायला उतरलेल्याला बुडण्याबद्दल दंड करण्यासारखे आहे. मूकपटांबद्दलही असेच, त्यांतले बहुतेक आज पाहायलाच मिळत नाहीत, म्हणून त्यांना दोन्ही याद्यांतून वगळावे.

याउलट ‘स्त्री’ पाहा. शकुंतलेची कथा बापूंनी दोनदा केली. १९४३च्या ‘शकुंतला’त जयश्री आणि चंद्रमोहन होते, अठरा वर्षांनी ‘स्त्री’मध्ये संध्या शकुंतला झाल्या आणि दुष्यंत स्वतः बापू झाले, तेही साठीच्या उंबरठ्यावर. दिग्दर्शक तोच, कथा तीच, या वेळी रंग आहेत, पैसा आहे, स्टुडिओ आपला आहे. येथे तिन्ही प्रश्न लागू पडतात. दुष्यंताच्या भूमिकेसाठी स्वतःची निवड करण्याचा निर्णय दिग्दर्शकाचाच होता आणि माझ्या मते चित्रपट तेथेच हातातून सुटला. तुम्हाला हे पटणार नाही, कदाचित. पण असे म्हणताना तुम्हाला दोन चित्रपट शेजारी ठेवून उत्तर द्यावे लागेल, आणि वाद तेथून सुरू होतो.

६. चित्रपट पाहताना नोंदी कशा कराव्यात

प्रत्येकाने किमान पाच चित्रपट पाहून यावेत आणि प्रत्येक चित्रपटातील दोन प्रसंग मिनिटासह टिपावेत. ‘अभिनय छान’ किंवा ‘छायाचित्रण सुरेख’ अशी नोंद बैठकीत कामाला येत नाही. काय दिसले, ते लिहा.

‘कुंकू’साठी एक विशेष सूचना आहे. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते, ते त्या घरातून, त्या रस्त्यावरून, त्या माणसांकडून येते. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्या घरात वावरते तेव्हा भांडी, पावले, घड्याळ यांच्या आवाजांतूनच तो कोंडमारा आपल्यापर्यंत पोहोचतो आणि शांता आपटे लाँगफेलोच्या कवितेचे इंग्रजी शब्द गातात, तेव्हा ते त्या शांततेतून उठून येते. पहिल्या बैठकीत आम्ही यातला प्रसंग डोक्यावरचे तिन्ही पंखे पूर्ण वेगात ठेवून दाखवला. दाखवून झाल्यावर एक तरुण सभासद म्हणाले की येथे काहीच घडत नाही. त्यांचे चुकले नव्हते. जे घडत होते, ते पंख्यांनी खाल्ले होते. दुसऱ्या वेळी मे महिन्याच्या उकाड्यात आम्ही पंखे बंद केले, लोक वहीने वारा घेत बसले आणि तोच प्रसंग संपल्यावर काही क्षण कोणीही बोलले नाही.

‘पिंजरा’ पाहताना दुसरा सापळा असतो. १९३०च्या ‘द ब्ल्यू एंजल’ या जर्मन चित्रपटावरून तो सुचला, हे कोणीतरी सांगतेच आणि मग ‘नक्कल’ हा एकच शब्द रात्रभर चालतो. तो मूळ चित्रपट ज्याने पाहिला आहे, त्याला उभे करा आणि फरक सांगायला सांगा. आदर्शवादी गुरुजी तमाशाच्या फडात तुणतुणे धरून उभे राहतात, येथपर्यंत साम्य आहे. परंतु दुसऱ्याच कोणाचे प्रेत गुरुजींचे समजून गावाने त्यांचा पुतळा उभारावा आणि अखेर त्याच गुरुजींवर स्वतःच्या खुनाचा खटला चालावा, हे जर्मन चित्रपटात कोठेही नाही. डॉ. श्रीराम लागूंचा तो पडद्यावरचा प्रवास पुतळ्याच्या बाजूने पाहिला, तर चित्रपट निराळाच दिसतो.

७. गाणी बाजूला काढून पाहा

मराठी श्रोत्यांसमोर शांतारामबापूंची बाजू मांडणे सोपे असते, कारण गाणे गुणगुणले की निम्मी सभा तुमची होते. परंतु ‘घनश्याम सुंदरा’ची चाल वसंत देसाईंची आहे, ‘नवरंग’चे संगीत सी. रामचंद्रांचे आहे आणि ‘पिंजरा’ची गाणी जगदीश खेबुडकर आणि राम कदम यांची. चाल आवडणे आणि दिग्दर्शन आवडणे यांत फरक करायला लोकांना लावले पाहिजे.

त्यासाठी आम्ही आवाज बंद करून गाणे दाखवतो. ‘नवरंग’मधले ‘अरे जा रे हट नटखट’ असे पाहिले. संध्या डोक्याच्या मागे पुरुषाचा मुखवटा लावून एकाच देहातून स्त्री आणि पुरुष दोघेही उभे करतात. आवाज नसतानाही ते समजते, किंबहुना अधिक समजते. ‘नवरंग’चे कट्टर विरोधक असलेले आमचे एक सभासद त्या वेळी खुर्चीत पुढे सरकून बसलेले मी पाहिले. त्यानंतर लगेच त्याच चित्रपटातला दुसरा, नुसत्या रंगीबेरंगी सेटचा प्रसंग आवाज बंद करून लावला, तेव्हा मात्र लोक एकमेकांशी बोलू लागले. एका चित्रपटात एका गाण्याला दिग्दर्शकाची दृष्टी आहे आणि दुसऱ्याला फक्त त्याची हौस आहे, हे भाषणाविनाच सिद्ध झाले.

ही कसोटी ‘कुंकू’ला लावू नये. तेथे आवाज हेच दिग्दर्शन आहे. तो बंद केला तर तुम्ही चित्रपटाचा हात कापून त्याला लिहायला सांगता.

८. प्रत्यक्ष बैठक चालवताना

प्रत्येक चित्रपटासाठी एक कैवारी आणि एक फिर्यादी आधीच नेमावेत. शक्य असेल तर ज्याला चित्रपट आवडत नाही, त्यालाच कैवारी करावे. प्रत्येकी पाच मिनिटे, उत्तराला दोन मिनिटे, मग सभेसाठी दहा मिनिटे. वाटी वाजली की वाक्य अर्धवट असले तरी थांबायचे. वाटी वाजवण्याचे काम सभेतल्या सर्वांत तरुण व्यक्तीला द्यावे. तिला कोणाचा मुलाहिजा नसतो.

नियम एकच, पण कडक : दर मुद्द्यामागे एक प्रसंग. ‘दो आँखें बारह हाथ’चा फिर्यादी म्हणून मी उभा राहिलो तेव्हा मला हा नियम चांगलाच जाचला. मुळात तो चित्रपट मला आवडतो. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या मुक्त वसाहतीवरून ग. दि. माडगूळकरांना सुचलेली ती कथा, सहा कैदी आणि एक जेलर, उजाड जमीन, एवढ्याच सामग्रीवर बापूंनी उभा केलेला तो पसारा. त्यावर बोट ठेवायचे कोठे? अखेर मी खेळणी विकणाऱ्या चंपावर बोट ठेवले. ती येते तेव्हा कैद्यांची गोष्ट थांबते आणि गाण्याची सोय होते, असा माझा आरोप होता. कैवारी बाईंनी वाटी वाजण्यापूर्वी फक्त एवढेच सांगितले की जेलरचे दोन डोळे धाकाने जे करतात, तेच कुटुंबाच्या ओढीने होते का, हे पाहण्यासाठी दिग्दर्शकाला त्या ओसाड रानात एक बाई हवी होती. आणि तिची अंगाई ऐकताना कैद्यांचे चेहरे कसे दिसतात, ते पाहा. मी हरलो.

काही वाक्यांना बंदी घालावी. ‘आताच्या चित्रपटांत असे काही उरले नाही’ हे त्यांतले पहिले. ‘उत्तरार्धात बापू संपले’ हे दुसरे, कारण ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’ १९७१चा आहे आणि ‘पिंजरा’ त्याच्या पुढच्याच वर्षीचा. उतार सरळ नसतो, हे या दोन वर्षांतच दिसते. दिग्दर्शकाचे विवाह, घरातले वाद, कोणाला का घेतले आणि कोणाला का वगळले, हे विषय निघाले की बैठक चालवणाऱ्याने लगेच थांबवावे. आमच्याकडे एकदा ही गाडी घसरली आणि मग पडद्यावरच्या शकुंतलेबद्दल कोणीच बोलले नाही.

वयाचा मान राखणेही सांभाळावे लागते. प्लाझात पहिल्या दिवशी तिकीट काढून ‘पिंजरा’ पाहिलेल्या आजोबांना दोन मिनिटांवर वाटी वाजवून बसवणे कठीण असते. आम्ही चहाच्या वेळेत आठवणींसाठी वेगळी पंधरा मिनिटे ठेवतो. तेथे वाटी वाजत नाही, प्रसंगाचा नियम नाही, आणि खरे सांगायचे तर सर्वांत चांगले काही तेथेच ऐकायला मिळते. मात्र ते मतदानात धरले जात नाही, हे आधी सांगून ठेवावे.

९. मतदान आणि निकाल

वाद संपल्यावर दहा मिनिटे कोणी कोणाशी न बोलता चिठ्ठ्या लिहाव्यात. पांढरी चिठ्ठी सर्वोत्तमसाठी, पिवळी फसलेल्यासाठी. चित्रपटाच्या नावाखाली एका प्रसंगाचा उल्लेख सक्तीचा. प्रसंग नसलेली चिठ्ठी बाद. पहिल्या वर्षी एकोणतीसपैकी अकरा चिठ्ठ्या याच कारणाने बाद झाल्या आणि त्यांतल्या बहुतेकांवर फक्त गाण्याची पहिली ओळ होती.

दुसऱ्या वेळी पांढऱ्या डब्यात ‘कुंकू’ पुढे होता आणि त्याच्या मागे दोन मतांनी ‘दो आँखें बारह हाथ’. पिवळ्या डब्यात ‘स्त्री’ आणि ‘नवरंग’ बरोबरीत राहिले. मोजणी करताना एका आजींच्या दोन्ही चिठ्ठ्या एकाच अक्षरात, एकाच चित्रपटाच्या नावाच्या निघाल्या. पांढरीवर ‘नवरंग’, मागे मुखवटा बांधून केलेला नाच. पिवळीवरही ‘नवरंग’, पुढचे मागचे सगळे. मोजणाऱ्या मुलाने त्या बाद करायला घेतल्या. आजी शेजारीच पिशवी आवरत होत्या, त्या म्हणाल्या, “नियमात कुठे लिहिलंय, दोन वेगळे हवेत म्हणून?” लिहिलेले नव्हते. दोन्ही मते धरली आणि पिवळ्या डब्यातली बरोबरी सुटून ‘नवरंग’ एका मताने पुढे गेला. तुमच्या नियमांत हे आधीच काय ते लिहून ठेवा. आम्ही अजून लिहिलेले नाही.